बाळासाठी जुनं घ्यायचं तर काय बघून घ्यावं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी पहिल्या बाळंतपणाला चाळीसगावला येतेय. दिवस वैशाखात भरतात. पुतणीकडून झबली, दुपटी, लंगोट, स्वेटर असं मोठं गाठोडं आलंय. चार वर्षं ते लोखंडी पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवलेलं होतं. गरम पाण्यात एकदा धुतलं की चालेल ना? आणि एकूण कपडे किती लागतील?

उत्तर : ताई, जुने कपडे खुशाल घाला. चार धुण्यांनी मऊ झालेलं सुती झबलं नवजात बाळाला नव्या कडक कापडापेक्षा केव्हाही बरं. आपल्याकडे बाळाला आधी जुन्यातच गुंडाळायची रीत आहे, ती कपड्याच्या दृष्टीने शहाणपणाचीच आहे. पण डांबरगोळ्यांचा मुद्दा गंभीर आहे आणि एका धुण्याने तो मिटत नाही.

काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं. घरात कुणाला ते माहीतही नसतं. डांबरगोळीतलं नॅप्थलीन श्वासातून किंवा कातडीतून अशा बाळाच्या अंगात गेलं, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. नवजात बाळाची फार वाढलेली कावीळ मेंदूला कायमची इजा करू शकते. अंगाला तेल चोळलेलं असेल तर नॅप्थलीन कातडीत जास्त शिरतं, आणि आपल्याकडे तेल तर रोज लागतं. म्हणून घाई नको, आतापासूनच कामाला लागा.

पेटीतून काढलेले कपडे आधी धुऊ नका. तीन-चार दिवस गच्चीवर दोरीवर सुटे सुटे टाका, ऊन आणि वारा दोन्ही लागू द्या. मग दुधाचे, शीचे डाग असलेले कपडे साध्या गार पाण्यात तासभर भिजवा. डाग निघायच्या आधीच गरम पाणी घातलं तर तो धाग्यात पक्का बसतो. त्यानंतर गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून भिजवा. जुन्या मालिशच्या तेलाचा खवट वासही त्यानेच जातो. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, कापड खरखरीत होतं आणि त्यानेच बाळाला पुरळ उठतं. त्यामुळे साबण कमी घ्या आणि शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात, दोनदा करा. कपडे मऊ करणारं सुगंधी औषध लंगोटांना लावू नका, ओल शोषली जात नाही.

वाळल्यावर दोन कपडे झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी झाकण उघडून वास घ्या. गोळ्यांचा वास आला तर सगळं पुन्हा. दोनदा करूनही वास राहिला तर ते कपडे बाळासाठी बाद. त्याच पेटीतल्या गोधड्या, चादरी आणि बाळंतिणीचे गाऊन यांनाही हाच नियम. पुढे ठेवणीला डांबरगोळ्यांऐवजी पुरचुंडीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला घाला. बाळ पहिल्या चोवीस तासांतच पिवळं दिसलं किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उन्हात धरून वाट बघत बसू नका.

कपडे अनोळखी घरातून आले असतील तर खरजेचाही विचार करावा लागतो. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसच जगतो. धुण्याआधी आठवडाभर पिशवीत घट्ट बांधून ठेवले की काम झालं.

आता प्रत्येक कपडा उलटा करून बघा. पायमोजे आणि हातमोजे यांच्या आत सुटा दोरा असेल तर कापून टाका. तो बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला की बोटाचं रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. गळ्याजवळच्या नाड्या, टिकल्या, चिकटवलेले मणी काढा. बटण जोरात ओढून बघा, हललं तर तोडा आणि त्याजागी कापडी बंद शिवा. कुंची हनुवटीखाली बांधायची असते, ती बाळ झोपताना काढायचीच.

पहिल्या महिन्याला झबली आठ-दहा, लंगोट तीसेक, दुपटी आठ, टोपडी दोन-तीन पुरतात. अगदी लहान मापाचे कपडे महिना-दीड महिन्यात तोकडे होतात, त्यांचा ढीग जमवू नका. स्वेटर मात्र मोठ्या मापाचे निवडून ठेवा. बाळ वैशाखातलं, म्हणजे आपल्याकडची पौषातली थंडी येईल तेव्हा ते आठ महिन्यांचं असेल. वैशाखात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, तेव्हा बाळाला एक पातळ झबलं आणि लंगोट बस्स. घरात टोपडं नको, घट्ट गुंडाळणं नको. मानेमागे हात लावून बघा. घाम असेल तर कपडा कमी करा.

प्रश्न : घरात आजोबांच्या वेळचा लाकडी पाळणा आहे, रंगाचे पोपडे निघालेत. शिवाय शेजारी पाइपचा झोळीचा पाळणा स्वस्तात देतायत. कोणता घ्यावा? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : घरचा पाळणा दुरुस्त होत असेल तर तो, पण आधी रंग. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे त्याआधीच्या रंगावर भरवसा ठेवू नका. दात येताना बाळ पाळण्याची कड चावतं. रंग घरात कोरड्या पॉलिशपेपरने घासू नका. ती धूळ गरोदर बाईला आणि घरातल्या पोरांना घातक आहे. सुताराकडे नेऊन पाणी मारत ओलं घासून घ्या. नवा रंग शिसं नसल्याची खूण असलेला घ्या आणि बाळ यायच्या महिनाभर आधी लावून ठेवा. पावसाळ्यात वाळायला आणखी वेळ द्या.

मग पट्टी घ्या आणि दोन गजांमधलं अंतर मोजा. सहा सेंटीमीटरहून जास्त नको. फट मोठी असली की बाळाचं धड पायाकडून आरपार घसरतं आणि डोकं अडकतं. गादी आणि कठड्याच्या मध्ये दोन बोटांहून जास्त जागा नको.

टांगायचं लोखंड हा खरा कच्चा दुवा. कडी आणि आकडा एकमेकांवर घासतात तिथे खाच पडते. खाच दिसली तर आकडा बदला, वेल्डिंगने भागवू नका. जुन्या धाब्याच्या घरात लाकडी तुळईला पाळणा टांगणार असाल तर तुळई ठोकून बघा. पोकळ आवाज आला म्हणजे आतून वाळवीने खाल्लीय. सगळं झाल्यावर पाळण्यात पंचवीस किलो धान्याचं पोतं ठेवून अर्धा तास झोका द्या आणि पुन्हा प्रत्येक जोड तपासा.

पाइपच्या पाळण्यात पाय जमिनीला सपाट टेकतात का, वेल्डिंगच्या जोडात गंज आहे का, हे बघा. झोळीचं कापड मात्र जुनं घेऊच नका, घरच्या जाड सुती साडीचं करा आणि उन्हासमोर धरून विरलेली जागा नाही ना ते पाहा. झोळीत बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो. म्हणून कुणी जागं, समोर असेल तेव्हाच झोळी. रात्रीची झोप सपाट, टणक अंथरुणावर, उताणं. बाळ कुशीवर वळू लागलं किंवा हातांवर अंग उचलू लागलं की पाळणा बंद.

प्रश्न : पुण्याचं एक कुटुंब मोटारीतली बाळाची सीट आणि बाबागाडी विकतंय. दोन्ही घेऊ का? – जळगाव

उत्तर : सीट ओळखीच्या माणसाकडूनच घ्या, आणि ‘गाडीला कधी अपघात झाला होता का’ हे स्पष्ट विचारा. अपघातात ताण बसलेली सीट वरून धड दिसते, पण आतलं प्लास्टिक आणि फोम पुढचा धक्का पेलत नाहीत. उत्तर देताना माणूस घुटमळला तर सोडून द्या.

सीट उलटी करा. खालच्या प्लास्टिकवर बनवल्याचं साल छापलेलं असतं, बऱ्याचदा घड्याळासारखं वर्तुळ आणि बाण असतो. कंपन्या साधारण सहा ते दहा वर्षांची मुदत देतात. वाकवलेल्या जागी पांढुरक्या रेघा असतील तर प्लास्टिक संपलंय. पट्टे ब्लीचने धुतलेले नकोत, धागा कमजोर होतो. सीट मागच्या बाकावर, बाळाचं तोंड मागे करून बसवा. पट्टा ओढून बसवल्यावर ती अडीच सेंटीमीटरहून जास्त हलायला नको. एअरबॅगसमोरच्या पुढच्या सीटवर कधीच नको. उन्हात उभ्या गाडीतलं बकल चटका देतं, त्यावर कापड टाकून ठेवा. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा योग्य सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे.

बाबागाडीत ब्रेक लावून उतारावर ढकलून बघा, घडीचं कुलूप हिसका देऊन तपासा. नवजात बाळासाठी पाठ पूर्ण आडवी व्हायला हवी. लहान चाकांची गाडी आपल्या गल्लीतल्या खडीवर चालत नाही, हेही मोजा. आणि उन्हात तिच्यावर ओढणी पांघरू नका, आतली हवा तापते.

प्रश्न : वॉकर जवळजवळ फुकट मिळतोय. – शिरपूर

उत्तर : घेऊ नका. वॉकरने बाळ लवकर चालत नाही. उलट जिन्यावरून पडणं, चुलीपर्यंत किंवा गरम भांड्यापर्यंत हात पोहोचणं हे क्षणात होतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याची विक्री पूर्ण बंद केली, जुन्याचीसुद्धा.

प्रश्न : बहिणीचा दूध काढायचा पंप आणि बाटल्या वापरू का? – नंदुरबार

उत्तर : एकीनेच वापरायचा म्हणून बनवलेला पंप दुसरीने वापरू नये. अशा बऱ्याच पंपांत दूध आणि ओल मोटरच्या दिशेने जाते, तिथे बुरशी धरते आणि तो भाग उकळता येत नाही. अनेकींसाठी बनवलेला दवाखान्यातला पंप भाड्याने मिळाला तर चालेल, मात्र नळ्या आणि कप प्रत्येकीचे नवे. नाहीतर हाताने दूध काढायला परिचारिकेकडून शिकून घ्या. जुन्या बाटल्या आणि बुचं नकोतच. काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजता येतं, आणि वाटी उकळायला सोपी.

प्रश्न : जुनी कापसाची गादी पिंजून घेतली तर चालेल का? मोहरीची उशीही आहे. – धरणगाव

उत्तर : चालेल, पण पिंजल्यावर गुबगुबीत करू नका. गादीवाल्याला पातळ आणि घट्ट भरायला, टाके जवळ घालायला सांगा. तळहाताने दाबून सोडल्यावर खळगा राहिला तर ती बाळासाठी मऊ आहे. भरण्याआधी कापूस दोन दिवस कडक उन्हात पसरा. ओल लागून काळा पडलेला भाग काढून टाका. मोहरीची उशी वापरू नका, वर्षभर कुठलीच उशी नको. डोकं गोल व्हावं म्हणून बाळ जागं असताना, तुमच्या समोर, थोडा थोडा वेळ पोटावर ठेवा आणि झोपवताना कधी उशाकडे, कधी पायथ्याकडे डोकं करा.