प्रोटीओग्लायकनवर संशोधन करून करिअर होतं का? सर म्हणतात, ‘तो नुसता भराव आहे, जनुकांवर कर’

तुम्ही लिहिलंय की सांगलीत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रोटीओग्लायकन म्हणजे पेशींमधला चिकट भराव, असं तुम्हाला ऐकवतात. हे साफ चुकीचं आहे. प्रोटीओग्लायकन म्हणजे मधे एक प्रथिन (कोअर प्रोटीन) आणि त्याला जोडलेल्या लांब साखरसाखळ्या; या साखळ्यांनाच ग्लायकोसअमिनोग्लायकन, थोडक्यात गॅग, म्हणतात. 1968 मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ एलिझाबेथ नॉयफेल्ड यांच्या प्रयोगशाळेत हर्लर आणि हंटर या, पेशींत गॅग साठत जाणाऱ्या दोन आनुवंशिक आजारांच्या रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी एकत्र वाढवल्या, आणि दोन्हींतला गॅगचा साठा उतरला. एकीत नसलेलं एन्झाइम दुसरी पेशी बाहेर सोडत होती. बाहेरून एन्झाइम देण्याच्या आजच्या उपचाराचं मूळ तिथं आहे. भरावावर काम करून हे हाती लागलं नसतं.

करिअरचं नंतर बोलू, आधी हात तयार करा: कार्टिलेजमधला (कूर्चेतला) गॅग मोजायला शिका. मिरजेच्या किंवा सांगलीच्या मटणवाल्याकडून त्याच दिवशीचा बोकडाचा गुडघा घ्या. हाडावरचा निळसर पांढरा, चकाकणारा थर स्कॅल्पेलनं पातळ काढा. लालसर हाड आलं तर तो तुकडा टाकून द्या. 20 मिलिग्रॅम ओलं कार्टिलेज 1 मिलिलिटर पपेन (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) बफरमध्ये (फॉस्फेट 100 मिलिमोलर, पीएच 6.5, सिस्टीन आणि ईडीटीए 5-5 मिलिमोलर, पपेन 125 मायक्रोग्रॅम) 60 अंशांवर रात्रभर ठेवा. सिस्टीन त्याच दिवशी घाला, शिळं झालं की पपेन मंदावतं आणि सकाळी तुकडे तसेच दिसतात.

गॅग मोजायचा डाय म्हणजे डायमिथाइलमिथिलीन ब्लू, सल्फेट असलेला गॅग भेटला की तो निळ्याचा जांभळा-गुलाबी होतो. कृती: 1 लिटरला 16 मिलिग्रॅम, ग्लायसिन 3.04 ग्रॅम, मीठ 2.37 ग्रॅम, 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 95 मिलिलिटर, पीएच 3. डाय आधी थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवा. 525 नॅनोमीटरला वाचन 0.31 च्या आसपास यायला हवं. प्लेटमध्ये नमुना 40 मायक्रोलिटर, डाय 250, आणि लगेच वाचा. उशीर केलात की गॅग-डायचा गाळ खाली बसतो आणि आकडा घसरतो. नमुना वीसपट विरळ करूनच घाला, नाहीतर वक्ररेषा वर जाऊन सपाट होते आणि सगळे नमुने सारखेच वाटतात.

आता माझा जुना वाद. हायलुरोनान या गॅगच्या नळीत रंग निळाच राहिला म्हणून एका वरिष्ठांनी मला ताजा डाय सिंकमध्ये ओतायला लावला होता. डाय चांगला होता. हायलुरोनानला सल्फेट नसतं, कोअर प्रोटीनही नसतं. पीएच 3 ला त्याचे कार्बॉक्सिल गट बऱ्याच अंशी प्रोटॉननं झाकले जातात, मग डायनं धरायचं काय? शेजारची शार्क कॉन्ड्रॉयटिन सल्फेटची नळी जांभळी-गुलाबी होती, हाच पुरावा. डाय बिघडला असता तर तीही निळीच राहिली असती. तरीही शंका असेल तर कार्टिलेजच्या नमुन्याला कॉन्ड्रॉयटिनेज एबीसी (कॉन्ड्रॉयटिन सल्फेट तोडणारं एन्झाइम) द्या, पीएच 8, 37 अंश: रंग बहुतांश जातो, उरतो तो मुख्यतः केराटन सल्फेट या दुसऱ्या गॅगचा. म्हणून सांगते, कोणी काहीही म्हणो, ज्ञात नमुना सोबत ठेवल्याशिवाय बाटली ओतू नका.

अख्खा अॅग्रेकन (कार्टिलेजमधला मुख्य प्रोटीओग्लायकन) हवा असेल तर पपेन विसरा, ते कोअर प्रोटीनचे तुकडे करतं. त्यासाठी 4 मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड, 4 अंशांवर, प्रोटिएज इनहिबिटरसह 48 तास. पण ग्वानिडीन डायलिसिसनं काढल्याशिवाय डायला लावू नका.

नोकरीचं म्हणाल तर नेट-जेआरएफ काढा आणि ‘प्रोटीओग्लायकन’ हा शब्द घेऊन गाइड शोधत बसू नका, फार थोडे सापडतील. कर्करोगाचा फैलाव, सांधेझीज, विषाणूंचा पेशीत शिरकाव अशा विषयांतून या. करोनाच्या विषाणूचं स्पाइक प्रोटीनही पेशींवरच्या हेपरन सल्फेट या गॅगला चिकटतं. औषध कंपन्यांत हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध, तोही गॅगच) तपासणीचं काम आहे; 2008 मध्ये हेपरिनमध्ये अतिसल्फेटेड कॉन्ड्रॉयटिनची भेसळ निघाल्यापासून त्या चाचण्या कडक झाल्या.

एक राहिलं: अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या जेलच्या) मण्यांत पेशी वाढवत असाल तर वरचा डाय तसाच वापरू नका. अल्जिनेटही रंग देतं. पीएच 1.5 चा डाय करा आणि पेशी नसलेले मणी कंट्रोल म्हणून लावा.