प्रिंट सर्व्हरवर छपाई अडते म्हणून एसईलिनक्स बंद करावं का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात अल्मालिनक्स ९ या लिनक्स प्रणालीवर कप्स या छपाई-सेवेचा प्रिंट सर्व्हर आहे. पासबुक प्रिंटरसाठी विक्रेत्याने दिलेला फिल्टर (फाइल प्रिंटरला कळेल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम) बसवला, जागा पुरेना म्हणून स्पूल (छापायच्या फाइली ठेवायचं फोल्डर) वेगळ्या डिस्कवर नेलं, आणि छपाई थांबली. विक्रेत्याचा माणूस म्हणतो, एसईलिनक्स (कोणत्या प्रोग्रामला काय करता येईल हे ठरवणारी लिनक्समधली पहारा-यंत्रणा) बंद करा, सगळं सुरळीत होईल. ते करावं का, आणि शाखांमधल्या उबुंटू मशीनचं काय, हे तुम्ही विचारलं आहे.

बंद करू नका. तुमच्या दोन्ही अडचणी चुकीच्या लेबलच्या (एसईलिनक्स प्रत्येक फाइलवर ठेवतं त्या प्रकाराच्या खुणेच्या) आहेत, अर्ध्या तासात सुटतील. आणि प्रिंट सर्व्हर हे एसईलिनक्स बंद करायचं ठिकाण नव्हेच.

कारण सांगतो. कप्सडी, म्हणजे कप्सचा मुख्य प्रोग्राम, रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालतो. फिल्टर साधारणपणे एलपी या वापरकर्त्याच्या नावाने चालतात, पण ज्या बॅकएंडच्या (प्रिंटरपर्यंत डेटा पोहोचवणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलवर परवानगी ०७००, म्हणजे फक्त मालकाला मुभा, असते तो थेट रूट म्हणून चालतो. म्हणजे नेहमीच्या मालक-गट-इतर या परवानग्या इथे फार काळ टिकत नाहीत, रूटला त्या अडवतच नाहीत. मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल, म्हणजे एसईलिनक्ससारखा सक्तीचा पहारा, विचारतं ते वेगळंच: हा कोणता प्रोग्राम आहे आणि त्याचं काम काय? कप्सडी रूट असला तरी तो कप्सडी_टी या डोमेनमध्ये, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या कप्प्यात, असतो, आणि त्या डोमेनला जे लिहून दिलेलं नाही ते रूटलाही मिळत नाही. शिवाय ही सेवा बाहेरून आलेली कुठलीही फाइल उघडते, पीडीएफ, पोस्टस्क्रिप्ट, चित्रं, आणि ती वाचणारं कोड गुंतागुंतीचं असतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेल्ली या संशोधकाने कप्समधल्या चार त्रुटींची साखळी उघड केली, ती आठवून पाहा. प्रिंटर आपोआप शोधणारी कप्स-ब्राउज्ड ही सेवा यूडीपी ६३१ या नेटवर्क पोर्टवर कुणाचंही पॅकेट स्वीकारत होती (सीव्हीई-२०२४-४७१७६). हल्लेखोर स्वतःला प्रिंटर म्हणून नोंदवायचा, त्याने पाठवलेली माहिती न तपासता पीपीडी (प्रिंटरचं वर्णन करणाऱ्या) फाइलमध्ये उतरायची, आणि त्या प्रिंटरवर कुणी छपाई केली की फूमॅटिक-रिप हा फिल्टर त्यातला आदेश चालवायचा. असा आदेश चालतो तेव्हा तो कुठपर्यंत पोहोचेल हे ठरवणारी शेवटची भिंत म्हणजे एसईलिनक्सची ही पॉलिसी, म्हणजे नियमावली.

आता दुरुस्तीकडे. आधी पूर्ण मशीन मोकळं न सोडता फक्त छपाईचं डोमेन सैल करा: ‘सेमॅनेज परमिसिव्ह -ए कप्सडी_टी’. बाकी सगळ्या सेवांवर पहारा चालू राहतो, छपाई सुरू होते, आणि कुठे कुठे अडलं असतं त्याची नोंद ऑडिट लॉगमध्ये पडत राहते. मग ‘ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रिसेंट’ चालवा. नोंद लांबलचक दिसते, पण तिच्यातल्या तीनच गोष्टी वाचायच्या: कोण (एससीकॉन्टेक्स्ट), कशावर (टीकॉन्टेक्स्ट), काय करू पाहत होतं.

फिल्टरच्या बाबतीत माझा अंदाज आहे की तुम्हाला ‘कोण’ मध्ये कप्सडी_टी, ‘कशावर’ मध्ये यूझर_होम_टी आणि क्रिया एक्झिक्यूट दिसेल. फाइल डाउनलोड्समध्ये उतरवली आणि एमव्ही या आदेशाने कप्सच्या फिल्टर फोल्डरमध्ये हलवली की असं होतं. एमव्ही जुनं लेबल सोबत घेऊन जातं, साधं सीपी (प्रत काढणारा आदेश) नव्या जागेचं लेबल घेतं. म्हणूनच एलएसमध्ये (फाइलींच्या यादीत) परवानगी ०७५५, मालक रूट, सगळं ठीक दिसतं आणि तरी कप्स ‘फिल्टर फेल्ड’ म्हणतो. ‘एलएस -झेड’ करून पाहा, लगेच कळेल. उपाय एवढाच: त्या फाइलवर ‘रिस्टोअरकॉन -व्ही’ चालवा, लेबल बिन_टी होईल.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. नेटवर कुणीतरी तुम्हाला ही नोंद ऑडिट२अलाउमध्ये (नाकारल्याच्या नोंदींतून परवानगीचे नियम बनवणाऱ्या साधनात) ओता आणि निघालेलं मॉड्यूल बसवा असं सांगेल. या नोंदीतून निघणारा नियम काय असेल? छपाई सेवेला कुठल्याही वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधली फाइल चालवायची मुभा. एका चुकीच्या लेबलपायी कायमचं भगदाड. ते साधन वाईट नाही, पण त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ वाचून, ही मुभा मला खरंच द्यायची आहे का, हे ठरवल्याशिवाय ती बसवू नये. कप्स_एक्झेकमेम या बुलियनचंही (पॉलिसीतल्या चालू-बंद स्विचचंही) तसंच. तो मुळात बंद असतो, एखादा ड्रायव्हर तो चालू करायला सांगत असेल तर आधी दुसरा ड्रायव्हर शोधा.

स्पूलसाठी कायमची नोंद करावी लागते. नवी डिस्क समजा ‘/स्पूल’ वर जोडली आहे, तर सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने ‘/स्पूल(/.*)?’ या मार्गाला प्रिंट_स्पूल_टी हा प्रकार द्या आणि मग ‘रिस्टोअरकॉन -आरव्ही’ चालवा. नुसतं सीएचकॉन (लेबल थेट बदलणारा आदेश) करून भागवू नका, पुढच्या रीलेबलमध्ये ते पुसलं जातं. मालक रूट, गट एलपी, परवानगी ०७१० आहे ना हेही पाहा. दोन दिवस पासबुकं, पावत्या, अहवाल असं सगळ्या प्रकारचं छापून घ्या. लॉगमध्ये नवी नोंद नाही याची खात्री झाली की ‘सेमॅनेज परमिसिव्ह -डी कप्सडी_टी’. ही पायरी लोक विसरतात, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

याने काय साधत नाही तेही माहीत हवं. टार्गेटेड पॉलिसीत कप्सडी_टी बऱ्यापैकी सैल आहे, कारण कित्येक फिल्टर शेल स्क्रिप्ट असतात आणि प्रिंटर नेटवर्कवर कुठेही असू शकतो. तेव्हा त्याला शेल चालवता येतं आणि बाहेर जोडणीही करता येते. सेसर्च या साधनाने पॉलिसीतले नियम स्वतः पाहता येतील. मुख्य म्हणजे इतरांची कागदपत्रं त्याच स्पूलमध्ये, त्याच डोमेनच्या हाताशी असतात. फुटलेला फिल्टर पासवर्डच्या शॅडो फाइलपर्यंत जाणार नाही, पण सभासदांच्या खात्यांचे उतारे वाचू शकेल. पतसंस्थेसाठी मला ही बाब सगळ्यात गंभीर वाटते.

त्यावर उपाय कप्सच्या सेटिंगमध्ये आहे. प्रिझर्व्हजॉबफाइल्सची मूळ किंमत ८६४०० सेकंद आहे, म्हणजे छापून झालेली फाइल आणखी एक दिवस स्पूलमध्ये पडून राहते. ती ‘नो’ करा. कप्स-ब्राउज्ड बंद करून मास्क करा (म्हणजे ती पुन्हा सुरू होणार नाही), कार्यालयातले प्रिंटर तुम्हाला ठाऊकच आहेत, ते आपोआप शोधायची गरज नाही. फायरवॉलमध्ये ६३१ फक्त शाखांच्या पत्त्यांना उघडा. आणि पॅकेजेस अद्ययावत ठेवा, वरच्या चारही त्रुटींचे पॅच केव्हाच आले आहेत.

शाखांमधल्या उबुंटूवर हेच काम ॲपआर्मर करतं. तिथे लेबल नसतं, पॉलिसी फाइलच्या मार्गावर चालते, त्यामुळे एमव्हीचा घोटाळा होत नाही. स्पूलची जागा बदलली तर मात्र तिथेही अडेल. नवा मार्ग ॲपआर्मरच्या लोकल फोल्डरमधल्या कप्सडीच्या फाइलमध्ये लिहा आणि प्रोफाइल पुन्हा लोड करा. मूळ प्रोफाइलला हात लावू नका.

तिथला खरा धोका वेगळा आहे. त्या प्रोफाइलमध्ये बाहेरच्या कंपन्यांच्या बॅकएंडसाठी थर्ड_पार्टी नावाचं उपप्रोफाइल आहे आणि त्यात जवळजवळ सगळीच मुभा आहे. या बॅकएंडना अनेकदा मोठे अधिकार लागतात म्हणून पॉलिसी लिहिणाऱ्यांनी ते जाणून मोकळं ठेवलं आहे. म्हणजे विक्रेत्याचा बॅकएंड शाखेच्या मशीनवर बसवलात तर ॲपआर्मर चालू असूनही त्याच्यावर फारसा लगाम राहणार नाही. तेव्हा विक्रेत्याचं जे काही आहे ते मुख्य सर्व्हरवरच ठेवा, आणि शाखांमध्ये त्या सर्व्हरकडे जाणारी साधी आयपीपी (नेटवर्कवरून छपाईची प्रमाण पद्धत) रांग तेवढी जोडा.