खाणीतली नोकरी सांभाळून एमटेक

प्रश्न : चंद्रपूरजवळच्या खुल्या कोळसा खाणीत ब्लास्टिंग विभागात अभियंता आहे. एमटेक कसं करावं? प्रबंधाला कोणता विषय घ्यावा?

उत्तर : पूर्णवेळ करायचं तर गेटचा मायनिंगचा पेपर द्या, गुण 3 वर्षं चालतात. कंपनीने प्रायोजित केल्यास पगार सुरू राहू शकतो, पण ना-हरकत पत्रासाठी अर्ज लवकर टाका. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. मात्र एमटेक केलं तरी डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालयाची) फर्स्ट क्लास मॅनेजरची परीक्षा वेगळी द्यावीच लागते.

प्रबंधासाठी ब्लास्टची कंपनं घ्या, माहिती तुमच्या रोजच्या कामातच आहे. प्रत्येक ब्लास्टला मोजणीच्या जागेपर्यंतचं अंतर, एका डिलेतली (म्हणजे एकाच क्षणी उडणारी) जास्तीत जास्त स्फोटकं (किलोत) आणि पीपीव्ही, म्हणजे जमिनीच्या कंपनाचा कमाल वेग, नोंदवा. अंतर भागिले स्फोटकांचं वर्गमूळ, हे झालं स्केल्ड डिस्टन्स. सगळी मोजमापं गावाजवळच्या एकाच ठिकाणी घेतली की हा आकडा फारसा बदलत नाही आणि त्याचं पीपीव्हीशी नातं सांगणारं समीकरण लंगडं पडतं. म्हणून 100 मीटरपासून 500 मीटरपर्यंत वेगवेगळ्या अंतरांवर मोजा. कंपनांची वारंवारताही लिहून ठेवा: गावातल्या घरांसाठी 8 हर्ट्झखाली पीपीव्हीची मर्यादा सेकंदाला फक्त 5 मिलिमीटर आहे. आकडे वापरण्याची लेखी परवानगी मात्र सुरुवातीलाच घ्या.