गाडीला काम निघाले नाही, हीसुद्धा नोंद

प्रश्न : आमच्या शहरातील वाहनधारकांच्या व्हॉट्सअॅप गटात सुमारे १४० सदस्य आहेत. नवी गाडी घेण्यापूर्वी खरी माहिती हाती असावी, म्हणून मी गटावर ‘कोणाच्या गाडीला काही त्रास आहे का?’ असे विचारले. ३१ जणांनी उत्तरे दिली. त्यांपैकी १२ जणांकडे एकाच मॉडेलची गाडी आहे आणि त्यांतील नऊ जणांनी एसी नीट चालत नसल्याचे कळवले. हे मॉडेल घेऊ नये, असा निष्कर्ष काढावा का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपण विचारपूस केलीत हे फार चांगले झाले, परंतु एवढ्यावरून तसा निष्कर्ष काढू नये. आपला प्रश्नच ‘त्रास आहे का’ असा होता. ज्यांना त्रास झाला ते लिहिते झाले आणि ज्यांचा एसी उत्तम चालतो त्यांनी संदेश वाचून सोडून दिला. समजा, आपल्या गटात त्या मॉडेलच्या एकूण ५० गाड्या आहेत. मग तक्रारीचे प्रमाण १२ पैकी नऊ म्हणजे ७५ टक्के न राहता ५० पैकी नऊ म्हणजे १८ टक्के होते. नऊ हा आकडा दोन्हीकडे तोच आहे. बदलला तो छेद, आणि नेमका तोच आपल्याला ठाऊक नाही.

म्हणून गाडीमालकांकडून माहिती घेताना क्रम उलटा ठेवावा. आधी गाड्यांची यादी करावी, तक्रारी नंतर विचाराव्यात. यादीत मॉडेल, व्हेरिएंट, इंधन, गिअरबॉक्सचा प्रकार, आजचे रनिंग आणि उत्पादनाचा महिना-वर्ष लिहून घ्यावे. हा महिना आरसीवर छापलेला असतो. नोंदणीच्या महिन्यावर भागवू नये, कारण कंपन्या मॉडेल चालू असतानाच एखादा सुटा भाग बदलतात आणि जानेवारीत बनलेली व ऑगस्टमध्ये बनलेली गाडी त्या भागापुरती वेगळी असू शकते. त्यानंतर दर तीन महिन्यांनी, ठरलेल्या तारखेला, यादीतील प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : या तीन महिन्यांत गाडीला काम निघाले का? ‘नाही’ असे उत्तर आले तर तेही तितक्याच काळजीने, रनिंगसह लिहावे. या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मोलाची आणि सर्वांत सहज गळणारी नोंद हीच आहे, असे माझे ठाम मत आहे. ज्याच्या गाडीला काही झालेच नाही त्याला उत्तर देण्याचे कारण वाटत नाही. त्याच्या मागे लागून ते मिळवावे लागते.

अशा नोंदींतून तुलनाही नीट करता येते. एका मॉडेलच्या ४० गाड्यांची सहा महिन्यांची नोंद म्हणजे २० गाडी-वर्षे झाली; त्यांत आठ कामे निघाली असतील तर शंभर गाड्यांमागे वर्षाला ४० कामे, असा दर येतो. दुसऱ्या मॉडेलच्या १५ गाड्यांची पूर्ण वर्षाची नोंद म्हणजे १५ गाडी-वर्षे आणि त्यांत सहा कामे. तोही दर ४०च. नुसते आठ आणि सहा पाहिले असते तर पहिले मॉडेल उगाच बदनाम झाले असते. मध्येच कोणी गाडी विकली तर ती नोंद खोडू नये, विक्रीच्या महिन्यापर्यंतचा काळ धरावा. वारंवार काम काढणारी गाडी माणूस लवकर विकतो. अशा गाड्या वहीतून पुसल्या तर मागे गुणी गाड्याच उरतात आणि मॉडेल आहे त्यापेक्षा चांगले दिसते.

‘काम’ कशाला म्हणावे, हे मात्र सुरुवातीलाच सर्वांना एका परिच्छेदात लिहून द्यावे. ठरलेले सर्व्हिसिंग, टायर, वायपर, ब्रेक पॅड ही झीज आहे. तिला बिघाड म्हणू नये. वॉरंटीत फुकट झालेली दुरुस्ती मात्र नक्की धरावी, कारण खिशाला झळ बसली नसली तरी भाग निकामी झालेलाच असतो. क्लच प्लेटवर नेहमी वाद होतो. घाटातून रोज ये-जा करणाऱ्याची प्लेट लवकर जाते, तसेच ज्याला क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय आहे त्याचीही जाते. मी क्लचची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवतो आणि एकूण दरात मिसळत नाही.

येथे माझ्याच गाडीची दोन जॉब कार्डे, म्हणजे वर्कशॉपने केलेल्या कामाचे कागद, उपयोगी पडतील. रनिंग ६२,००० असताना खड्ड्यातून जाताना पुढच्या डाव्या बाजूने कटकट आवाज येऊ लागला, म्हणून गाडी वर्कशॉपला लावली. पहिल्या कार्डावर लिहिले होते, ‘ग्राहकाची तक्रार : आवाज. तपासले. टेस्ट ड्राइव्ह ओके.’ अकरा दिवसांनी पुन्हा जावे लागले, तेव्हाच्या कार्डावर ‘डाव्या लोअर आर्मचे बुश बदलले’ (चाकाजवळच्या सस्पेन्शनमधील रबरी भाग) अशी ओळ आली. बिघाड एक, फेऱ्या दोन. कोणी हे एक मोजेल, कोणी दोन, आणि कागदच पाहणारा कदाचित पहिली फेरी मुळीच मोजणार नाही, कारण त्या कार्डाप्रमाणे गाडी ठीक होती. म्हणून बिघाडांची संख्या आणि वर्कशॉपच्या फेऱ्यांची संख्या असे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत. शिवाय तारीख आठवणीतून न घेता बिलावरून घ्यावी. मोठ्या खर्चाची आठवण ताजी राहते. दोन वर्षांपूर्वी बदललेला कॉम्प्रेसर माणूस प्रामाणिकपणे ‘गेल्याच वर्षी’ म्हणून सांगतो.

शेवटचा मुद्दा संख्येचा. २५ गाड्यांपैकी पाच गाड्यांना काम निघाले तर प्रमाण २० टक्के दिसते, पण एवढ्या लहान नमुन्यात खरे प्रमाण साधारण ९ ते ३९ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. ४०० गाड्यांत ८० निघाल्या, तर हीच मर्यादा १६ ते २४ टक्क्यांवर येते. ३० गाड्यांत एकही बिघाड आढळला नाही, तरीही खरे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असण्याची शक्यता उरते. आपल्या गटाने आसपासच्या दोन-तीन गावांतील गटांना सोबत घेतले, तर या नोंदींना खरे वजन येईल.

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत असतो. तिकडे कोणती गाडी भरवशाची याच्या याद्या दरवर्षी निघतात. त्या कशा तयार होतात, आणि आपल्याकडे गाडी घेताना त्यांचा आधार घ्यावा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या याद्यांच्या मुळाशी वेगवेगळी माहिती असते, म्हणून एकच गाडी एका यादीत वर आणि दुसऱ्या यादीत खाली दिसू शकते. जर्मनीतील एडीएसी हा वाहनधारकांचा क्लब १९७८ पासून बिघाडांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. ती मालकांना विचारून केलेली नसते. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीच्या मदतीला क्लबचे कर्मचारी जातात, त्या मदतफेऱ्यांची ती नोंद असते. त्यामुळे बसलेली बॅटरी तिथे सर्वांत ठळकपणे दिसते, पण गिअरबॉक्स कुरकुरत असूनही मालकाने गाडी स्वतः वर्कशॉपपर्यंत नेली तर ते काम या आकडेवारीत येतच नाही. ट्युफ या तपासणी संस्थांचा अहवाल सक्तीच्या तपासणीवर बेतलेला असतो. तिथे नवी गाडी तिसऱ्या वर्षी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी तपासली जाते, त्यामुळे ब्रेक, दिवे, सस्पेन्शन यांचे दोष नेमके कळतात. बिघडलेला एसी त्यात सहसा दिसत नाही.

मालकांना विचारण्याची परंपरा अमेरिकेत रुजली. १९३६ मध्ये सुरू झालेली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही संस्था कंपन्यांच्या जाहिराती घेत नाही, चाचणीच्या गाड्या स्वतःच्या पैशाने विकत घेते आणि दरवर्षी आपल्या सदस्यांना मागील १२ महिन्यांत गाडीत कोणते गंभीर दोष आले ते विचारते. ‘जे. डी. पॉवर’ या ग्राहक-पाहण्या करणाऱ्या कंपनीची पद्धत निराळी आहे. एका पाहणीत गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांचा अनुभव विचारला जातो, दुसऱ्या पाहणीत तीन वर्षे जुन्या गाडीचा, आणि उत्तर शंभर गाड्यांमागे किती समस्या असे मांडले जाते. त्यात फोन गाडीच्या पडद्याशी जोडला न जाणे हीसुद्धा समस्याच असते. म्हणून तेथील मोठा आकडा पाहून इंजिन खराब आहे असे समजू नये.

आपल्याकडे या याद्या जशाच्या तशा लावू नयेत. इंजिन, इंधन, रस्ते आणि उन्हाळा सगळेच वेगळे असते, आणि त्याच नावाने विकली जाणारी गाडी इथे वेगळ्या भागांनी बनलेली असू शकते. शिवाय एक मोठा फरक आहे, तो मला सारखा खटकतो. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये तिसऱ्या वर्षापासून सक्तीच्या तपासणीची माहिती साचत जाते. इंग्लंडमध्ये तर तिचे निकाल सर्वांसाठी खुले आहेत. आपल्याकडे खासगी गाडीची फिटनेस तपासणी नोंदणीनंतर थेट १५ वर्षांनी होते. त्या पंधरा वर्षांत गाडीचे काय झाले, हे मालक आणि वर्कशॉप यांच्याशिवाय कोणालाच कळत नाही. वर्कशॉप आपली कार्डे दाखवणार नाही, म्हणून मालकांकडे जाणे हाच आपल्यासाठी मार्ग उरतो.

प्रश्न : आमचा नेहमीचा मेकॅनिक एका कंपनीच्या गाड्यांना नावे ठेवतो. त्याचे ऐकावे का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : कोणता भाग जातो आणि का जातो, हे त्याच्याकडून जरूर समजून घ्यावे; ते त्याच्याइतके कोणी सांगू शकत नाही. किती गाड्यांत जातो, हे मात्र त्याला दिसत नाही, कारण त्याच्या दारात बिघडलेलीच गाडी येते, आणि ज्या मॉडेलच्या गाड्या गावात जास्त तेच मॉडेल त्याच्याकडेही जास्त येते.

प्रश्न : गाडीत सुरक्षेचा दोष आढळल्यास नुसती नोंद ठेवून काय उपयोग? सरकारदरबारी काही सोय आहे का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. केंद्रीय परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर मालकाला तक्रार नोंदवता येते. एकाच मॉडेलविषयी किती तक्रारी आल्यावर पुढील कारवाई सुरू करायची, हे त्या मॉडेलच्या वार्षिक विक्रीवरून ठरवलेले आहे. म्हणजे तिथे छेदाचा विचार आधीच झालेला आहे. आपण ब्रेक, स्टीअरिंग, एअरबॅग किंवा आग लागण्याचा धोका अशा दोषाची तक्रार करताना जॉब कार्डाची प्रत, रनिंग, उत्पादनाचा महिना आणि दोष प्रथम जाणवला ती तारीख जवळ ठेवावी. आपल्या ओळखीत तीच गाडी असलेल्या इतरांना तोच दोष आला असेल, तर प्रत्येकाने स्वतःच्या गाडीची तक्रार स्वतंत्रपणे नोंदवावी; सर्वांच्या वतीने एकाने केलेली तक्रार एकच धरली जाण्याचा धोका असतो.