क्ष शून्य घेतला, मग बिंदू य-अक्षावर का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावीत आहे. ३क्ष − ४य = १२ या समीकरणाचा आलेख काढताना तिने क्ष = ० घेऊन य = −३ आणि य = ० घेऊन क्ष = ४ अशा किमती काढल्या. त्या बरोबर असूनही शिक्षकांनी आलेख चूक ठरवला. वहीच्या पानाचे छायाचित्र सोबत पाठवत आहे.
— एक पालक, पंचवटी, नाशिक

उत्तर : छायाचित्र नीट पाहिले. आकडेमोडीत चूक नाही. मात्र बिंदू लिहिताना तिने (−३, ०) आणि (०, ४) असे लिहिले आहे, म्हणजे क्ष शून्य घेऊन मिळालेली किंमत तिने क्ष-अक्षावरच नेऊन मांडली. ही गफलत पुष्कळ मुलांची होते आणि ती लवकर ध्यानात येत नाही, कारण चुकीचे दोन बिंदू पट्टीने जोडले तरी रेषा सरळच येते.

नियम पाठ करून घेण्यापेक्षा तिला बाजाराचा हिशेब घालावा. समजा, द्राक्षे ६० रुपये किलो, कांदे २० रुपये किलो आणि पिशवी घेऊन निघताना हाती २४० रुपये आहेत. द्राक्षे क्ष किलो व कांदे य किलो घेतल्यास समीकरण होते ६०क्ष + २०य = २४०. येथे क्ष = ० म्हणजे द्राक्षे घेतलीच नाहीत; सगळ्या पैशांचे १२ किलो कांदे आले. हे १२ कांद्यांचे आहेत, म्हणून बिंदू (०, १२) य-अक्षावर पडतो. कांदे वगळले तर ४ किलो द्राक्षे येतात आणि बिंदू (४, ०) क्ष-अक्षावर मिळतो. जे चल शून्य, त्याचा अक्ष सोडून दुसऱ्या अक्षावर बिंदू का येतो, हे यातून तिला आपोआप उमगेल.

तिच्या समीकरणाचे बिंदू (०, −३) आणि (४, ०) आहेत. पडताळ्यासाठी तिसरा बिंदू काढण्याची सवय मी आग्रहाने लावेन : क्ष = ८ घेतल्यास य = ३ येतो. (८, ३) हा बिंदू तिने काढलेल्या रेषेपासून कितीतरी दूर पडतो, त्यामुळे चूक तिची तिलाच दिसली असती.

३क्ष − २य = ० अशा समीकरणात दोन्ही वेळा (०, ०) हाच बिंदू मिळतो; तेथे (२, ३) सारखा आणखी एक बिंदू घ्यावा लागतो. क्ष = ५ ही रेषा तर य-अक्षाला समांतर असल्याने त्याला छेदतच नाही, तेव्हा तेथे दुसरा छेदनबिंदू शोधत बसू नये.