आमरसाच्या कारखान्याला बॉयलरचं कोणतं इंधन परवडेल?

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात आमचा आंब्याच्या पल्पचा कारखाना आहे. ताशी १ टनाचा डिझेल बॉयलर हंगामात साधारण ७५ दिवस, रोज १० तास चालतो. डिझेल ९० रुपये लिटर पडतं. एलपीजीचा दर ८० रुपये किलो आणि ब्रिकेटचा (दाबलेल्या भुशाच्या कांड्या) पोहोच ९ रुपये किलो मिळाला आहे. बर्नर बदलून एलपीजी घ्यायचा तर ५ लाख खर्च, ब्रिकेटचा नवा बॉयलर चिमणी आणि धुरातली राख पकडणाऱ्या सायक्लोनसह २४ लाख. दहा वर्षांचा विचार करता काय घ्यावं?

उत्तर : किलोचा दर बाजूला ठेवा आणि टनभर वाफेला किती रुपये लागतात ते काढा. कंडेन्सेट (वापरलेल्या वाफेचं गरम पाणी) परत घेऊन फीडचं, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी ६० अंशांवर असेल, तर १ टन वाफेला सुमारे ६ लाख किलोकॅलरी लागतात. डिझेल ८० लिटर, म्हणजे ७,२०० रुपये. एलपीजी ६० किलो, ४,८०० रुपये. ब्रिकेटचा उष्मांक किलोला ३,८०० किलोकॅलरी आणि कार्यक्षमता ७० टक्के धरली तर २२५ किलो, म्हणजे जेमतेम २,००० रुपये. विक्रेता हाच आकडा दाखवतो. पण पल्पचं काम सलग नसतं. पाश्चरायझर (पल्प तापवून जंतू मारणारं यंत्र) थांबला तरी जाळीवरचा विस्तव जळतच राहतो. अशा चालू-बंद कामात ५५ टक्केच धरा. मग २८७ किलो, जवळपास २,६०० रुपये.

सरासरी ताशी ६०० किलो वाफ धरली तर तुमची हंगामाची वाफ ४५० टन. डिझेल ३२.४ लाख, एलपीजी २१.६ लाख, ब्रिकेट ११.७ लाख. ब्रिकेटवर जादा माणूस, पंख्यांची वीज, राख उचलणं, जाळीचे बार यांचे २ लाख चढवा. एलपीजीपेक्षा हंगामाला ८ लाख वाचतात, जादा भांडवल १९ लाख. व्याज धरून तीन हंगामांत पैसे सुटतात, म्हणून ४५० टन खरोखर होत असतील तर ब्रिकेट घ्या. वाफ १५० टनच निघाली, तर ती बचत १९ लाखांच्या व्याजातच जाईल. तिथे एलपीजीच बरा.

म्हणून सही करण्याआधी या हंगामात फीड लाइनवर पाण्याचं मीटर बसवा. ब्लोडाउन (बॉयलरमधून सोडून दिलेलं गढूळ पाणी) वजा करून डिझेलच्या लिटरमागे १२.५ किलोच्या आसपास वाफ मिळायला हवी. ११ च्या खाली असेल तर आधी नळ्यांवरची काजळी आणि खार काढा. चिमणीतल्या धुराचं तापमान २२ अंशांनी वाढलं की साधारण १ टक्का इंधन वाया जातं.

दर ताडताना जीएसटी वेगळा काढा. एलपीजी आणि ब्रिकेटवरच्या कराचं क्रेडिट मिळतं. डिझेल जीएसटीबाहेर आहे, त्यावरचा कर खर्चातच जातो.

कोटेशनमध्ये सहसा न दिसणाऱ्या दोन गोष्टी. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात वीज जाते, फीड पंप थांबतो. डिझेल-गॅसचा बर्नर त्याच क्षणी विझतो. ब्रिकेटचा विस्तव मात्र पाणी आटवत राहतो, पातळी नळ्यांखाली उतरते आणि फ्युजिबल प्लग (पाणी कमी झाल्यावर वितळणारी सुरक्षेची गुडदी) वितळतो. जनरेटर किंवा वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर हवाच, त्यात काटकसर नको. दुसरी गोष्ट एलपीजीची : पूर्ण भारावर ताशी ६० किलो गॅस चार-सहा सिलिंडरमधून नुसता निघत नाही. सिलिंडरवर बर्फ धरतो, प्रेशर पडतं, बर्नर फडफडून विझतो. द्रव गॅस तापवून वायू करणारा व्हेपोरायझर लागतो, आणि १०० किलोवरच्या साठ्याला परवाना, तो खर्च त्या ५ लाखांत आहे का ते विचारा.

प्रश्न : उरलेले ब्रिकेट पुढच्या हंगामापर्यंत ठेवता येतील का?

उत्तर : कोकणच्या पावसाळ्यात नाही. दमट हवेत ते फुगतात, फुटतात आणि भुसा होतो. तो जाळीतून खाली पडतो किंवा न जळताच चिमणीकडे उडतो. शेवटच्या आठवड्यात माल अडीच-तीन दिवसांपुरताच मागवा. बॉयलर बंद केल्यावर नळ्या ब्रशने साफ करा. काजळीला ओल लागली की आम्ल तयार होऊन पत्रा खातं. मग पाणी पूर्ण काढून, आतून कोरडा करून, ड्रममध्ये कळीच्या चुन्याचे ट्रे ठेवून तोंडं बंद करा, आणि दर महिन्याला चुना बदला.