ओंडके कुणाचे?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोघांचा माल एकाच ट्रकमधून आला, गल्लत झाली आणि शेजारच्या वखारवाल्याशी वाजलं. आता तू वकील गाठणार म्हणतोस. मीही असाच गेलो होतो. एका ट्रकभर सागासाठी सात वर्षं खेटे घातले. निकाल माझ्या बाजूनं लागला, पण तोवर उघड्यावर पडून लाकूड भेगाळलं होतं. तेव्हा मला कुणी फ्रेडरिक वायरहाउझर या अमेरिकेतल्या लाकूड व्यापाऱ्याबद्दल सांगायला हवं होतं.

हा माणूस 1834 सालचा, जर्मनीतला. 1852 मध्ये अमेरिकेत आला आणि पुढं इलिनॉयमधल्या रॉक आयलंडच्या सॉ मिलवर लागला. फळ्या मोजून वहीत लिहायच्या, हे त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. 1857 च्या मंदीत मालक बुडाले, आणि 1860 मध्ये यानं साडू डेन्कमन याच्याबरोबर तीच गिरणी घेतली. शेतकऱ्यांकडे रोकड नसे. मग तो फळ्यांच्या बदल्यात धान्य, अंडी, डुकरंसुद्धा घ्यायचा आणि ती देऊन ओंडके मिळवायचा. गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, ही त्याची रीत मला फार आवडते.

आता तुझ्या कामाचं ऐक. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हिवाळ्यात पाइन तोडायचे आणि बर्फ वितळलं की ओंडके चिपेवा नदीत सोडायचे. सगळ्यांचा माल एकाच पाण्यात, म्हणून प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर हातोड्यानं मालकाचा ठसा मारलेला असे. खाली मिसिसिपीच्या संगमाजवळ, बीफ स्लू इथं, निवड करून तराफे बांधायचे. वरच्या अंगाला ओ क्लेअर आणि चिपेवा फॉल्सच्या गिरण्या होत्या. खालच्यांचा, म्हणजे वायरहाउझर आणि त्याच्या साथीदारांचा, माल आपल्या दारावरून जावा हे त्यांना रुचत नव्हतं. अडवाअडवी झाली, कोर्ट झालं, हाणामारीची वेळ आली.

1880 मध्ये मोठा पूर आला. वरच्यांनी अडवून ठेवलेले ओंडके अडसर तोडून वाहत गेले आणि थेट वायरहाउझरच्या लोकांच्या हाती पडले. वैऱ्याचा माल आयता दारात! प्रवाहाविरुद्ध तो परत नेणं वरच्यांना परवडणारं नव्हतं. वायरहाउझरनं अदलाबदल सुचवली. तुमचे ओंडके आम्ही इथं कापतो, आमचे अजून वर आहेत ते तुम्ही घ्या. ठसे जुळवून हिशोब झाला. पुढच्याच वर्षी दोन्ही बाजूंनी मिळून चिपेवा लॉगिंग कंपनी काढली आणि तिची धुरा त्याच्याकडे आली. बळजबरीनं मिळाली नसती अशी जागा ती.

पुढं 1900 मध्ये त्यानं आणि भागीदारांनी नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेकडून वॉशिंग्टन राज्यातली 9 लाख एकर वनजमीन एकरी 6 डॉलरनं घेतली. त्या रेल्वेची सूत्रं हाती असलेल्या जेम्स हिलशी त्याचा सेंट पॉल शहरात शेजार होता.

पण तू लाकडाच्या धंद्यात आहेस, म्हणून हेही सांगतो. विस्कॉन्सिनचा पाइन तिथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांच्या भूमीतला. 1837 च्या तहानं त्यांच्याकडून मोठा भाग घेतला गेला. त्या धंद्यानं मैलोन्‌मैल खुंट आणि वाळकी फांदोडी मागं ठेवली. शेजारच्या मिनेसोटात 1894 मध्ये हिंकलीला असल्याच फांदोडीवर वणवा भडकला आणि चारशेहून जास्त माणसं गेली. जंगल सरत आलं म्हणूनच ही मंडळी पश्चिमेला वळली. भागीदारांशी इतका चोख असलेला माणूस जंगलाचा हिशोब करताना कमी पडला, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुझ्या ट्रकचं म्हणशील तर उद्या सकाळी शेजाऱ्याला बोलाव. चहा आधी होऊ दे. मग एकेका ओंडक्याचा घेर आणि लांबी घ्या. टेप तू धर, वही त्याच्या हातात दे.

तुझा,
काका